लागतच नाही

गाडी घ्यायची ठरली की घरात पहिलं भांडण रंगावरून होतं, असं म्हणतात. ते काही खरं नाही. रंग पाच मिनिटांत ठरतो, कारण शेवटी पांढराच घेतला जातो. खरं भांडण व्हेरियंटचं. ते महिनाभर चालतं. एक्सेल शीट तयार होते, फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट पडतात, यूट्यूबवरचे वीस-वीस मिनिटांचे व्हिडिओ दीडपट वेगाने बघून होतात. बेसपासून टॉपपर्यंतच्या जिन्यावर आपण नेमके कुठल्या पायरीचे, हा प्रश्न लग्नाच्या स्थळासारखा चघळला जातो. आणि या जिन्याची गंमत अशी, की कुठल्याही पायरीवर उभं राहिलं तरी वरची पायरी ‘फक्त थोड्याच’ पैशांनी लांब दिसते. इतके घातलेच आहेत तर अजून थोडे.

या जिन्यावर काय काय ठेवलेलं असतं ते एकदा नीट वाचून बघण्यासारखं आहे. २०२१ साली महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आली. सगळ्यात खालच्या मॉडेलमध्ये दोन एअरबॅग, सगळ्यात वरच्यात सात. सातवी एअरबॅग ड्रायव्हरच्या गुडघ्यांसाठी होती आणि ती ‘लक्झरी पॅक’मध्ये होती. त्याच पॅकमध्ये बारा स्पीकरांची म्युझिक सिस्टीम होती, आपण जवळ गेलो की आपोआप बाहेर येणारं दाराचं हँडल होतं आणि तोंड बघायच्या आरशावरचा दिवाही होता. म्हणजे गुडघा आणि लिपस्टिक एकाच पुडक्यात. याच गाडीच्या बेस मॉडेलला, दोनच एअरबॅग असताना, ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार मिळाले होते, हेही सांगायला हवं. मुद्दा एका कंपनीचा नाहीच. थोड्याफार फरकाने सगळ्यांच्या ब्रोशरमध्ये जीव वाचवणारी वस्तू आणि मिरवायची वस्तू एकाच यादीत, एकाच टाइपात छापलेल्या असतात, आणि आपणही त्या एकाच नजरेने वाचतो: आहे की नाही, टिक की फुली.

ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस चैनीचा पुरस्कर्ता म्हणून बदनाम आहे. त्याचं प्रत्यक्षात म्हणणं बरंच साधं होतं. त्याच्या मते दुःख दूर झालं की सुख आणखी वाढत नाही, फक्त त्याचे प्रकार बदलतात. भूक भागली की झालं. त्यानंतर वाढतात त्या चवी. या मापाने बघितलं तर गाडीचं सुख दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर संपतं. एसी आहे, पाठ दुखत नाही, पावसात भिजत नाही, अपघात झाला तर वाचायची बरी शक्यता आहे. पुढे चौसष्ट रंगांचे दिवे. पण तरीही लोक वर जातात, आणि ते सगळेच काही मूर्ख नसतात. मग वरच्या पायऱ्यांवर ते नेमकं काय विकत घेतात?

याचं उत्तर टेस्ट ड्राइव्हवरून आलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळतं. तो इंजिनाबद्दल बोलत नाही, दिव्यांबद्दलही बोलत नाही. तो म्हणतो, “काय गाडी आहे! खड्डे लागतच नाहीत.”

हेच वाक्य शनिवारी रात्री, वेगळ्या वस्तूबद्दल, हातात ग्लास घेऊन म्हटलं जातं. कोणीतरी घरी रमचं काहीतरी नवीन बनवलेलं असतं, पहिला घोट जातो आणि शेफारून टाकणारी दाद येते: “अरे, रम लागतच नाही!”

ही दोन्ही वाक्यं सगळ्यात जास्त वेळा कुठे म्हटली जात असतील, तर माझा अंदाज इगतपुरीचा आहे. मुंबईपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, भाताची खाचरं, धरणं, ढग. पावसाळ्यातल्या कुठल्याही शनिवारी मुंबईकडून मोठ्या गाड्या चढत येतात आणि डिकीत सोड्याचे क्रेट खुळखुळत असतात. यातली काही कुळं इथलीच आहेत. महिंद्राचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीत आहे, आणि मोठी गाडी म्हणजे रुबाब हे ज्या गाडीने आपल्या मध्यमवर्गाला शिकवलं, ती स्कॉर्पिओ २००२ साली खाली नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडली.

आणि गावाच्या वर टेकडीवर धम्मगिरी आहे. सत्यनारायण गोयंकांनी उभं केलेलं विपश्यना केंद्र, १९७६ पासून सुरू असलेलं. तिथे पहाटे चारला घंटा होते. दहा दिवसांचं शिबिर, त्यातले नऊ दिवस मौन, फोन जमा. जेवणाखाण्याचे, राहण्याचे पैसे घेत नाहीत. पहिल्यांदा येणारे पाच शीलं घेतात, आधी शिबिर केलेले आठ. पाचवं शील मद्याचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आठवं फारसं कोणाला आठवत नाही. ते आहे उंच आणि आलिशान शय्या-आसन न वापरण्याचं.

उंच आणि आलिशान आसन! एसयूव्हीची याहून नेमकी व्याख्या मी तरी कुठल्या ब्रोशरमध्ये वाचलेली नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका यादीत रम आणि टॉप मॉडेल दोन्ही बसलेत. (त्यात आपल्याकडची सगळ्यात लाडकी रम १९५४ पासून ‘ओल्ड मंक’ या नावाने विकली जाते, म्हणजे म्हातारा भिक्षू. इगतपुरीच्या दुकानात ही बाटली मागताना कोणाला हसू येत नाही याचं मला नवल वाटतं.)

या दोन शीलांचा नेहमीचा अर्थ त्यागाचा लावला जातो: मोह सोडा, साधे राहा. असेलही. पण पाचव्या शीलाच्या पाली शब्दांत एक शब्द येतो, ‘पमाद’. म्हणजे प्रमाद, मराठीत आपण तो चूक या अर्थाने वापरतो, पालीत त्याचा रोख गाफीलपणावर आहे. मद्य घाणेरडं आहे असं ते शील म्हणत नाही. मद्य गाफील होण्याची जागा आहे, असं म्हणतं. आणि टेकडीवर दहा दिवस जे चालतं, ते याच्या बरोबर उलटं असतं. अंगावर जे जे जाणवतं ते बघत बसायचं. पालीत जाणवणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ‘वेदना’ म्हणतात, सुखाची असो, दुःखाची असो किंवा कशाचीच नसो. मराठीने त्यातली फक्त दुखणारी ठेवून घेतली. चौथ्या-पाचव्या दिवसापासून तासभर न हलता बसायचं असतं, दिवसातून तीनदा. गुडघे बोलायला लागतात. वर टेकडीवर लोक गुडघा काय म्हणतोय ते ऐकत बसलेत आणि खाली रस्त्यावरून गुडघ्याची एअरबॅग चाललीय, असं एक चित्र डोळ्यांसमोर येतं आणि मला दोघांपैकी कोणालाच हसावंसं वाटत नाही.

कारण हादऱ्यात काही पावित्र्य नाही. हे आधी साफ सांगून टाकायला हवं, नाहीतर हा लेख साधेपणाच्या कीर्तनाकडे घसरेल. याच इगतपुरी तालुक्यातल्या वाड्यापाड्यांवरून पावसाळ्यात गरोदर बाईला डोलीत घालून चिखलातून रस्त्यापर्यंत आणावं लागल्याच्या बातम्या येतात. तिला खड्डे ‘लागतात’ ते जीवनाचा अनुभव म्हणून नाही. कंबरेचा मणका सरकलेल्या आजीला भिवंडीच्या रस्त्यावरून आणताना मऊ सस्पेन्शन म्हणजे चैन नसते. ज्याला हादरे टाळता येतात त्याने दुसऱ्याला हादऱ्यांचं माहात्म्य सांगू नये.

पण हादरे दोन प्रकारचे असतात. एक नुसतं दुखवतो. दुसरा दुखवत दुखवत काहीतरी सांगत असतो.

माझे एक मामा आयुष्यभर इंजिनांच्या कामात होते. मावसभावाने टेस्ट ड्राइव्हला त्यांना सोबत नेलं, जाणकार माणूस म्हणून. घाट चढून परत येईपर्यंत मामा गप्प. मग म्हणाले, “आवाजच येत नाही की रे हिचा.”

“अहो मामा, तोच तर पॉइंट आहे. काचा दुहेरी आहेत.”

“ते ठीक. पण बिघडली तर कळणार कसं?”

“स्क्रीनवर येतं ना.”

“म्हणजे ती तुला सांगणार तेव्हा. तुला काही कळायचं नाही.”

भावाने ते हसण्यावारी नेलं, आणि बिघाडापुरतं बोलायचं तर तोच बरोबर होता. सेन्सर मामांच्या कानापेक्षा लवकर ओळखतो. पण वेगाचं तसं नाही. वेग आपल्याला आकड्याने कळत नाही, तो अंगाला कळतो. वाऱ्याचा आवाज, स्टिअरिंगची थरथर, वळणावर आतड्यात उठणारी कळ. जुन्या जीपमध्ये ऐंशीच्या पुढे गेलं की गाडीच ‘पुरे’ म्हणायची. आता एकशेवीसला कपातला चहा हलत नाही. गाडीची गतिऊर्जा मात्र तीच राहते. ८० वरून १२० ला गेलं की वेग दीडपट होतो, आणि थांबवायला लागणारी ऊर्जा सव्वादोनपट. धडक बसायची तेवढीच बसणार. जाते ती फक्त तिची आगाऊ खबर.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि नागपूर ते मुंबईचा उंबरठा असा ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता झाला. इगतपुरीजवळ त्यात जवळपास ८ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे. कसारा घाट चढताना कान बंद व्हायचे, पोरांना गाडी लागायची, कोणीतरी पिशवीतून आवळासुपारी काढायचं. बोगद्यात सह्याद्री पाच-सात मिनिटांत संपतो आणि आपण डोंगर चढलो हे पोटाला कळतही नाही. गाडी लागत नाही, घाट लागत नाही. बोगदा उत्तम आहे, मी दोनदा त्यातून गेलोय आणि दोन्ही वेळा आनंदाने. फक्त बाहेर पडल्यावर पायाला वेगाचा अंदाज उरलेला नव्हता, हेही तितकंच खरं.

आता रमकडे येऊ, कारण तिथे हाच प्रश्न जास्त चविष्ट आहे.

आपल्याकडे घरातलं रमचं कॉकटेल म्हणजे रम आणि थम्सअप. चूक काही नाही, पण विचार केला तर जोडी विचित्र आहे. काळ्या रममध्ये आधीच कॅरमल आणि व्हॅनिलाचा वास. कोल्यातही कॅरमल आणि बख्खळ साखर. गुळाच्या चहात साखर घालण्यातला प्रकार. यात सुधारणा करायची तर पहिली गोष्ट लागते आंबट. ६० मिलि रम, वीस-पंचवीस मिलि ताज्या लिंबाचा रस, पंधरा-वीस मिलि गोड पाक. पेग मेजर नसेल तर औषधाच्या बाटलीचं टोपण घ्या, पण मोजा. दोन बोटं कोणाची ते कधी ठरत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, मूठभर बर्फ, बारा-पंधरा सेकंद दणकून हलवायचं आणि चहाच्या गाळणीतून गाळायचं. बर्फाचं थोडं पाणी आत उतरतं. ती भेसळ नव्हे, तो कॉकटेलचा घटक आहे. डबा हाताला चटका बसावा इतका गार झाला की झालं.

गोडासाठी साखरेच्या पाकाऐवजी काकवी घ्या. उसाचा रस आटवत गूळ होण्याच्या आधीचा घट्ट टप्पा म्हणजे काकवी, आणि आपली रम बनते साखर कारखान्याच्या मळीपासून. एकाच उसाची दोन पोरं, एक गुऱ्हाळात वाढलेलं, एक कारखान्यात. दोन चमचे काकवीत दोन चमचे कोमट पाणी. शेवटी चिमूटभर मीठ. मे महिन्यात इगतपुरीच्या रस्त्यावर करवंदं मिळतात, ती पाच-सहा ठेचून डब्यात टाकली तर लिंबू कमी लागतं. जूनमध्ये जांभळं, आणि तुरटपणा हवासा वाटायला लागतो.

हे करताना होतं असं, की जीभ शहाणी व्हायला लागते. कालच्या लिंबाला धार होती, आजचं मिळमिळीत आहे. ही काकवी जरा करपलीय. रमचा जळजळीत कोपरा कुठे आहे आणि त्याला नेमकं काय लावायचं. ही सुधारणा माणसाला वस्तूच्या जवळ नेते. यात एक चमचा जास्त-कमी यावर घालवलेली अर्धी संध्याकाळ मला टेकडीवरच्या ध्यानापेक्षा कमी दर्जाची वाटत नाही. शीलवाले सहमत होणार नाहीत, आणि त्यांच्या बाजूने त्यांचं बरोबरच आहे.

दुसरी सुधारणा उलट दिशेला जाते. जळजळ होतेय? लिचीचा क्रश घाला. अजून होतेय? आइस्क्रीम घाला. करत करत असा ग्लास तयार होतो की पिणाऱ्याला कळतच नाही आत काय आहे, आणि हेच बनवणाऱ्याचं यश मानलं जातं. लागतच नाही! पण दारूची जळजळ हा काही कारागिरीतला दोष नाही. तो शरीराचा बीप आहे.

आकड्यांत बघू. आपली रम सहसा ४२.८ टक्क्यांची. ६० मिलित साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ढोबळ हिशेबाने सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याने १०० मिलिमागे चाळीसेक मिलिग्रॅमपर्यंत पातळी जाऊ शकते; वजन कमी असेल तर आणखी वर, आणि तेवढ्याच वजनाच्या बाईच्या रक्तातही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे एकच मोठा पेग, कितीही सुंदर बनवलेला असला तरी, पुरेसा आहे. शरीर ही पातळी तासाला पंधराच्या आसपासच उतरवतं. लिंबूपाणी, अंघोळ, कॉफी यांनी तो वेग वाढत नाही. रात्री दहापासून असे चार ग्लास झाले आणि सकाळी सहाला घाटात सूर्योदय बघायला निघालं, तर त्या माणसाच्या रक्तात अजूनही पन्नासेक असू शकतात. त्याला विचारा, तो म्हणेल, उतरली कधीच. आणि तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच लागत नसतं.

(महाराष्ट्रात रम प्यायला वय २५ लागतं आणि परवाना लागतो, आणि परवाना कागदोपत्री आरोग्य राखण्यासाठी दिला जातो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातली ही पळवाट वाचून मला दर वेळी कारकुनांबद्दल प्रेम वाटतं.)

तर प्रश्न चैनीचा नाहीये. चैन हा शब्दच बघा ना, हिंदीत चैन म्हणजे शांतता, आपण मात्र चैन ‘करतो’, आणि तरीही जिवाला चैन पडत नाही म्हणताना जुना अर्थ जपून ठेवलाय. शांतता विकत घेण्यात गैर काय? गैर एवढंच, की जे आपल्याला लागत नाही ते नाहीसं झालेलं नसतं. ते दुसऱ्या कोणालातरी लागतं, किंवा आपल्यालाच, उशिरा.

उशिराचं उदाहरण सगळ्यांना आठवतं. ४ सप्टेंबर २०२२, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ मर्सिडीज पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढच्या सीटवरचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. त्यांत सायरस मिस्त्री होते. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर काही दिवस सगळा देश मागच्या सीटच्या बेल्टबद्दल बोलत होता. आणि त्याच देशात एक छोटी धातूची क्लिप ऑनलाइन विकली जात होती. बेल्टच्या खाचेत अडकवली की गाडीला वाटतं बेल्ट लावलाय आणि तिचा बीप बंद होतो. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच कंपन्यांना ही क्लिप काढायला लावली तेव्हा खाली उतरवलेल्या जाहिरातींची संख्या १३,११८ होती.

ही क्लिप मला आपल्या काळातली सगळ्यात तत्त्वज्ञानी वस्तू वाटते. बेल्ट लावायला दोन सेकंद लागतात आणि पैसे शून्य. क्लिप शोधायची, मागवायची, पैसे द्यायचे, डिलिव्हरीवाल्याला ओटीपी सांगायचा. हा सगळा खटाटोप कशासाठी? बीप लागू नये म्हणून. धोका तसाच ठेवून धोक्याचा आवाज तेवढा बंद करण्यासाठी लोक कष्ट घ्यायला तयार होते. लिचीच्या क्रशमध्येही हीच क्लिप आहे.

आणि दुसऱ्याला लागतं, ते तर शब्दशः. मुंबईहून शिर्डीला पायी जाणाऱ्या साईंच्या पालख्या कसारा घाट चढून घोटी-सिन्नरच्या रस्त्याने जातात. कित्येक अनवाणी. पायाखालचा प्रत्येक खडा लागत, डांबराचा चटका लागत, उन्हाच्या आधी अंतर कापायचं म्हणून पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने चालत असतात. पदयात्रींना गाडीने उडवल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, चार ओळींच्या. अमेरिकेत रस्ते सुरक्षेवर काम करणाऱ्या आयआयएचएस या संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांचे जवळपास १८ हजार अपघात तपासले. ज्या गाड्यांच्या बॉनेटची पुढची कड ४० इंचांपेक्षा उंच, त्या बुटक्या आणि उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा पादचाऱ्याचा जीव घेण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के जास्त. उंच आसनाला उंच नाक लागतं. बुटकी गाडी माणसाच्या पायांना धडकते, उंच गाडी छातीला.

एपिक्युरसच्या हिशेबात हा माणूस नाही. तो फक्त सुख घेणाऱ्याचं दुःख मोजतो. टेकडीवरची यादीही पाळणाऱ्यासाठी आहे. ब्रोशरमध्ये तर तो नाहीच नाही. आत बसलेल्यांसाठी सात एअरबॅग, बाहेर चालणाऱ्यासाठी एक क्रोमची जाळी. व्हेरियंट निवडताना त्याला शीटमध्ये एक कॉलम द्यावा असं मला वाटतं. दिल्यावर यादी वेगळी दिसायला लागते. आपोआप लागणारे ब्रेक ही त्याची सोय आहे, त्यासाठी पायरी चढावी. पडद्यासारख्या एअरबॅग, मागच्या सीटचा बीप, टायरमधली हवा सांगणारा सेन्सर, यांसाठीही. हे सगळे आपल्याला काहीतरी सांगणारे किंवा थांबवणारे. काचेच्या छतासाठी, दाराच्या हँडलच्या नखऱ्यासाठी पैसे असतील तर जरूर द्यावेत, कोणाचं काही जात नाही, पण ते दुसऱ्या खिशातून. पायरी एकच असली तरी मनातले हिशेब दोन ठेवता येतात.

मावसभावाने शेवटी मधली पायरी घेतली, सहा एअरबॅगवाली, छप्पर बंद. त्याची सात वर्षांची मुलगी ते छताचं प्रकरण अजून विसरलेली नाही. मागच्या सीटवर दप्तर ठेवलं तरी गाडी बोंबलते म्हणून वहिनी दप्तराला बेल्ट लावतात.

ऑगस्टात आम्ही सात-आठ जण भावली धरणाच्या बाजूला एका घरी राहिलो होतो. ग्लास बनवायचं काम माझ्याकडे होतं. काकवी नेहमीच्या निम्मी, लिंबू जास्त, मीठ. एकाने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“लागते रे.”

“हो.”

“अजून गोड घाल की.”

घातलं नाही. तो कुरकुरत, पण त्या एका ग्लासवर त्याने पाऊण तास काढला. गाड्यांच्या चाव्या स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यात ठेवल्या होत्या, तळाशी. सूर्योदयाचा बेत होता, पण सहाला बाहेर नुसतं धुकं होतं आणि नऊ वाजेपर्यंत चाव्या कोणी मागितल्या नाहीत. काढताना शेरभर तांदूळ ओट्यावर सांडले, ते निवडत बसायला लागलं.